परात आणि तीन लांडगे

आमच्या चिरंजीवांनी सहलीचा तक्ता जेवणाच्या टेबलावर पसरला. तो रेल्वेची वेळापत्रकं बनवतो, त्यामुळे घरात कुणी शिंकलं तरी घड्याळ बघतो. डोंगरावरच्या बर्फाच्या शहरात चार दिवस जायचं होतं. नाश्ता सात दहा ते साडेसात. स्कीइंग नऊ ते साडेअकरा. फोटोसाठी हसणे, अकरा पस्तीस.

त्याचा, सुनेचा, नातीचा रकाना गच्च भरलेला. माझ्या रकान्यात एकच ओळ: 'आई – घर सांभाळणे.'

"घर काय पळून जातंय?"

"आई, तुमचे गुडघे," सून म्हणाली. ती दातांची डॉक्टर. माणसाचं तोंड उघडं ठेवून त्याला गप्प कसं करायचं, ते तिला बरोबर कळतं.

"गुडघे इथेच ठेवून येते की."

कुणी हसलं नाही. मला मात्र जायचंच होतं. जन्मभर बर्फ पाहिला तो फ्रीजमधला, तोही खरवडायला.

चिरंजीवांनी तिथल्या हॉटेलवाल्याला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"नाश्ता नक्की किती वाजता?"

"उठाल तेव्हा." पलीकडून जांभई.

"स्कीइंगचा वर्ग?"

"मास्तर उठला की."

चिरंजीवांचा चेहरा रुळावरून घसरला.

"तुमच्यात कुणाला बर्फावर घसरायची सवय आहे का हो?" हॉटेलवाल्याने विचारलं.

"आजीला!" नात किंचाळली. "ती परातीत बसून अख्खा डोंगर उतरली होती! मागे लांडगा होता!"

मेले! तिला भरवताना ही थाप मीच मारली होती. खरं एवढंच, की ओल्या जिन्यावरून मी परातीसकट सात पायऱ्या घसरत आले. खाली लांडगा नव्हता, सासूबाई होत्या. फरक थोडाच! आणि त्यांच्या कडेवर हेच चिरंजीव, तीन वर्षांचे, डोळे फाडून बघत.

"परातीत?" जांभई थांबली. "रविवारी आमच्या म्हाताऱ्यांची ताटात बसून बर्फावरून घसरायची शर्यत असते. तिघीच उरल्यात, चौथी मिळत नाही. आजींना आणाच. बाकीचे नाही आलात तरी चालेल."

फोन बंद झाला. नात माझ्याकडे बघत होती, सून माझ्या गुडघ्यांकडे.

"आई," चिरंजीवांनी विचारलं, "खरंच लांडगा होता?"

नाही म्हणावं तर घर सांभाळणे. हो म्हणावं तर समोर साक्षीदार बसलेला.

"दोन होते," मी म्हणाले.

त्याने तक्ता जवळ ओढला. मग खोडरबर उचललं.

"तीन," तो म्हणाला. "मी मोजले होते."

माझी ओळ खोडून त्याने लिहिलं: 'रविवार – आई, परात.' पुढे वेळेची जागा कोरीच.

"अहो, वेळ?" सुनेने विचारलं.

"मास्तर उठला की," चिरंजीव म्हणाले, आणि माळ्यावरची परात काढायला स्टुलावर चढले.