न्हाणीतला बोळा

मोनालीनं न्हाणीत पाय ठेवला अन् घोट्यापर्यंत बुडाला. पाणी कसलं, करडी पेज. वर शितं तरंगत होती. काल तर मोनालीच्या घरी नुसत्या पोळ्या झाल्या होत्या.

"माय, बाईचा भात आपल्या न्हाणीत आला."

आमगावच्या त्या घरात वरच्या अंगाला, उंच ओट्यावर घरमालकीण शकुंतलाबाई राहायच्या, अन् खालच्या दोन खोल्यांत मोनाली अन् तिची माय अन्नपूर्णा. वरच्या मोरीचा पाइप खालच्या न्हाणीखालून रस्त्याच्या नालीत जायचा, न्हाणीचं भोकही त्यालाच जोडलेलं. बाई भांडी घासायच्या राईस मिलमधल्या भुशाच्या राखेनं, अन् त्याच मोरीत रोज गंजभर पेज ओतायच्या. पाइपात राख अन् पेजेची लापशी गोठून दगड झाली होती. मोनालीनं कितीकदा सांगितलं, बाईनं कानामागं टाकलं.

शकुंतलाबाई ओट्यावरून वाकल्या. "अन्नपूर्णा, नाली तुंबली वाटते. हात घालून काढून टाक व. तुमाले सवय हाय."

अन्नपूर्णानं पदर खोचला. मोनालीनं तिचं मनगट धरलं.

"कायची सवय, बाई?"

"जुन्यापासून तुमचेच लोक करत आले."

"माही माय शाळेत खिचडी शिजवते. आजा बिड्या वळे. नाली कोनं काढली, त्याचं नाव सांगा."

"लय जीभ चालते. म्हनून तुले शाळेतून काढली असन."

"काढली नाई, मी सोडली. खोलीबी सोडीन. हात नाई घालत."

"चूप राय, मोना," माय हळूच म्हणाली. "खोली गेली त कुठं जाऊ आपन?"

मोनालीनं मनगट धरूनच मायला उंबऱ्यावर बसवलं. मग जुनं पोतं आणलं, त्याचा बोळा करून न्हाणीच्या भोकात लाथेनं ठोकला, वरून चिखल थापला अन् मसाल्याचा पाटा ठेवला.

"हे काय करून राहिली?" मायनं विचारलं.

"ज्याचं पानी त्याच्या घरी."

दुपारी वरती भात झाला, पेज ओतली, अन् ती मोरीतून उलटी येऊन चुलीपर्यंत पसरली. बाईचा पोरगा भूपेंद्र धावत खाली आला.

"बोळा निकाल ना. मम्मीकी रसोई भर गई."

"आमची न्हाणी, आमचा बोळा."

"मग मी सफाईवाल्याले आनतो."

"आन. त्यानं तरी कायले घालावा हात तुमच्या पेजेत? तुले दोन हात हायेत ना?"

 मोनालीनं आवाराच्या कुंपणातून बांबूची लांब कमची उपटली अन् भूपेंद्रच्या हातात दिली. "वरून तू ढकल. नालीकडून बाई ओढतीन."

भूपेंद्र कमची घेऊन वर गेला. शेजारपाजारचे दारात आले. चूल पेजेत बुडालेली; शकुंतलाबाई नाकाला पदर बांधून नालीत वाकल्या अन् राखेचे करडे गोळे उपसू लागल्या. अन्नपूर्णाला राहवेना, ती उठली.

"बस, माय."

माय बसली. खूप वेळानं पाइप गुरगुरला अन् पाणी भसकन नालीत गेलं. शकुंतलाबाई कोपरापर्यंत माखल्या होत्या.

"महिना सरला का खोली खाली करा," त्या म्हणाल्या.

"करतो," मोनाली म्हणाली. तिनं आपल्या मडक्यातून पाण्याचा गडवा भरून आणला. "हात पुढं करा."

बाईनं त्या गडव्याकडं, आजवर कधी न शिवलेल्या पाण्याकडं पाहिलं, मग दारातल्या लोकांकडं. हातांना वास येत होता. त्यांनी हात पुढं केले.