सव्विसाव्या घराचे गुण

फाटकावर पाटी होती: घर पाहण्यासाठी खुले, रविवार दोन ते चार. नवऱ्याने गाडी कडेला लावली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं.

"तू हो पुढे. माझ्या पायांनी राजीनामा दिलाय."

"दोघंही जा. मी आहे इथे," मागच्या सीटवरून आई म्हणाली. पंचवीस घरं ती हेच म्हणत आली होती.

खुब्याचं हाड मोडल्यापासून आई लेकीकडे राहत होती. भाड्याच्या त्या घरात संडास वरच्या मजल्यावर. जिना ती कठडा धरून कशीबशी चढायची, पण कमोडवरून उठणं काही केल्या जमायचं नाही. मग आतून हाक यायची, "अगं ए," आणि लेक काखेत हात घालून तिला उठवायची. लेक कामावर असली की शेजारीण यायची. अलीकडे आईने पाणी पिणंच कमी केलं होतं, हाका कमी माराव्या लागाव्यात म्हणून. लेक पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला. सकाळी भरलेला तांब्या संध्याकाळी जवळजवळ तेवढाच भरलेला दिसला की तिला बाकी काही विचारावं लागत नसे. घर शोधायला निघाले तेव्हा आई एवढंच म्हणाली होती, "मला उठवायला कुणी लागू नये, तेवढं बघ."

लेक वही घेऊन आत गेली. वहीत प्रत्येक घराचं एक पान, पानावर चौदा रकाने, एकूण गुण शंभर. सत्तरला पास. आतापर्यंत चौसष्टच्या वर कुणी गेलं नव्हतं.

"या मॅडम! उजेड बघा काय सुरेख आहे!" एजंट म्हणाला.

"दिवा लावलाय तुम्ही." तिने तो बंद केला. उजेड निम्मा झाला.

पिशवीतून तिने सायकलच्या दुकानातून आणलेला पोलादी छर्रा काढला आणि खोलीच्या मधोमध ठेवला. तो क्षणभर थांबला, मग सरळ खिडकीखाली जाऊन भिंतीवर आपटला.

"जुनं घर आहे. माणसंही वयानुसार झुकतातच की," एजंट हसून म्हणाला.

"माणसं विकत घेत नाहीये मी."

कपाटामागे ओल होती. स्वयंपाकघरातल्या नळाखाली तिने बाटली धरली. लिटरभर पाण्याला एकोणीस सेकंद लागले. बाथरूममध्ये तर कुणीतरी भलतंच करून ठेवलं होतं. कमोड वीतभर उंच चौथऱ्यावर चढवलेला आणि त्याला खेटून कमरेएवढी अर्धी भिंत, वर रुंद फरशी.

"मालकांनी सोयीसाठी केलंय," एजंट घाईने म्हणाला. "तोडायला एक दिवस पुरेल."

'बेढब. तोडावं लागेल. वजा तीन,' असं लिहून तिने बेरीज केली. एकोणपन्नास. तिला रागसुद्धा आला नाही. पुढचं घर तीन वाजता होतं, त्यानंतरचं साडेतीनला.

तेवढ्यात नवरा दारात आला. त्याच्या दंडाला धरून आई.

"आईंना जायचंय."

"खरं म्हणजे पाहायला आलेल्यांनी वापरू नये, असं मालक..."

"मालकांना सांगा, मीही पाहायलाच आलेय," म्हणत आईने बाथरूमचं दार लोटून घेतलं.

लेक बाह्या वर सारून दाराशी उभी राहिली.

"किती पडले?" नवऱ्याने हळूच विचारलं.

"एकोणपन्नास."

"नापास. चला, पुढचं."

"थांब, हाक येईल."

हाक आली नाही. तिने दाराला कान लावला. पाणी सोडल्याचा आवाज आला, मग नळाचा. दार उघडलं तेव्हा आई उंबऱ्याशी उभी राहून रुमालाला हात पुसत होती.

"अशी काय बघतेस?"

"हाक नाही मारलीस."

"कशाला? भिंतीवर हात टेकला आणि उठले. बसायलाही उंच आहे." मग आई जरा चिडूनच म्हणाली, "त्या छर्ऱ्याला तू प्रत्येक घरात आत नेतेस, आणि मला गाडीत बसवतेस."

"तुला त्रास नको म्हणून गं."

"त्रास गाडीतच होता."

लेकीने आत जाऊन टेपने चौथरा मोजला, मग भिंत. दोन्ही आकडे लिहिले आणि वजा तीन खोडलं.

"बावन्न," नवरा वहीत डोकावून म्हणाला. "तरीही नापास. आणि ही भिंत काय, कुठेही बांधता येईल."

"येईल. तशी इथली ओलही काढता येईल."

"आणि जमीन? छर्रा?"

"छर्रा इथे राहायला येणार नाहीये." ती एजंटकडे वळली. "मालकांना सांगा, आम्हाला बोलायचंय. आणि ती भिंत तोडू देऊ नका."

एजंट फोन शोधायला लागला. खिडकीखालचा छर्रा उचलायला लेक वाकली, तर गुडघे कुरकुरले. ती तिथेच जमिनीवर बसून राहिली. नवरा भिंतीला टेकला. पुढच्या घराचं नाव कुणीच काढलं नाही.

"पाणी आहे का गं?" आईने विचारलं.

नळाखाली भरलेली बाटली लेकीने पुढे केली. आईने ती तोंडाला लावली आणि मधे न थांबता निम्मी संपवली.