नऊ माणसं

माझा मुलगा रूबेन लोणी देवकरच्या एका कंपनीत कामाला होता. गुरुवारी संध्याकाळी भट्टीजवळ अपघात झाला आणि तो गेला. शवविच्छेदन होऊन शुक्रवारी दुपारी तो ताब्यात मिळाला. सूर्य मावळला की आमचा शब्बाथ, विसाव्याचा पवित्र वार, लागतो, आणि शब्बाथात आम्ही यहुदी दफन करत नाही. म्हणजे मूठमाती मावळतीच्या आत द्यायला हवी होती.

शेळगावच्या रस्त्याला, कालव्याच्या कडेला आमची थोडी थडगी आहेत. माझे वडील साखर कारखान्यात फिटर म्हणून पेणकडून इकडे आले, तेव्हा या भागात यहुद्यांची चार-पाच घरं होती. त्यातली बाकीची एकेक करून इस्रायलला गेली. मी शाळामास्तर. इंदापुरातच नोकरी झाली आणि इंदापुरातच निवृत्त झालो.

कबरीपाशी कद्दिश म्हणायचं असतं. त्या प्रार्थनेत मरणाचा शब्दसुद्धा नाही, सगळी देवाची स्तुती आहे. ती मृताच्या मुलाने म्हणायची, पण दहा जाणते यहुदी पुरुष हजर असले तरच. आमच्या समजुतीप्रमाणे जाणता म्हणजे तेरा वर्षं पुरी झालेला. रूबेनचा मुलगा एल्काना याला तेरावं पुरं व्हायला दोन महिने होते.

पुण्याहून आमच्या माणसांची एक मॅटाडोर आली होती. दुसरी जीप मागून येणार होती, ती आली नाही. भिगवणजवळ बिघडून ती परत फिरली, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. प्रार्थना चालवणारे नागावकरकाका मॅटाडोरमधून आले होते. आमच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत. दहा शब्दांचं एक वचन आहे, त्यातला एकेक शब्द एकेका माणसावर ठेवत जायचं. काकांनी वचन सुरू केलं, माझ्यापाशी येऊन थांबले, आणि शेवटचा शब्द त्यांच्या तोंडातच राहिला.

शेजारचे रामभाऊ माझ्या मागे उभे होते.

"गुरुजी, हितं शंभर माणूस उभा हाय. धा कशी कमी पडत्यात?"

"यहुदी लागतात, रामभाऊ."

"मग मला करा की तेवढ्यापुरता. छप्पन साली आमी धम्म घेतला, तवा एका सकाळी लाखो माणसं नवी झाली."

"आमच्यात एका सकाळी होत नाही."

"लई अवघड हाय तुमचं," रामभाऊ म्हणाले आणि फावडं धरून तिथेच उभे राहिले.

काकांनी उन्हाकडे पाहिलं, मग मला बाजूला घेतलं. "मास्तर, नऊ जण असले तर लहान मुलाच्या हातात तोराचा पवित्र ग्रंथ द्यायचा आणि त्याला दहावा धरायचा. कोकणात माझ्या वडिलांनी पाहिलंय. मी ग्रंथ आणलाय. तुम्ही हो म्हणा."

दर शनिवारी मी एल्कानाला धर्मग्रंथ शिकवायचो, आणि याच मुद्द्यावर गेल्या पावसाळ्यात आम्ही दोन शनिवार भांडलो होतो. पोरगा भांडखोर. वचन वाचलं की लगेच शंका. आम्ही यहुदी आपल्या मूळ भूमीपासून हद्दपारीत आहोत असं मी म्हटलं, तर म्हणाला, "मग आजोबा, आपला सातबारा कुणाच्या नावावर आहे?" हसून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. हातात तोरा देऊन लहानाला मोजणं त्याला तेव्हा फार आवडलं होतं. काही मोठे मोठे गुरू त्याच्याच बाजूचे होते, हेही मी त्याच्यापासून लपवलं नाही. पण पुस्तक म्हणजे माणूस नव्हे, हे मी त्याला हळूहळू, एकेक आधार दाखवून पटवलं होतं. पटलं तेव्हा खूश होऊन त्याने मला चहा करून आणला होता.

आता सगळे माझ्याकडे पाहत होते. मी उभा जन्म शाळेत काढलेला. वर्ग माझ्याकडे बघू लागला की मी प्रश्न वर्गालाच विचारतो. मी वळून म्हणालो, "एलू, तू सांग. चालेल?"

त्याने बापाकडे पाहिलं. पांढऱ्या कापडावर आधीच माती उडाली होती.

"तेरा पुरी नाहीत," तो म्हणाला.

"मग?"

"मग नाही चालणार."

काकांनी ग्रंथ परत रुमालात बांधला. दहांशिवाय म्हणता येतात तेवढी स्तोत्रं आम्ही म्हटली. रामभाऊंनी आणि गावातल्या माणसांनी माती लोटली. माझी सून लेआ बायकांत बसली होती. घरी परतताना ती एवढंच म्हणाली, "बायका मोजत नाहीत, पोरं मोजत नाहीत. आणि नाही म्हणायला मात्र पोरालाच पुढं केलंत, बाबा."

पुढच्या शनिवारी एल्काना वेळेवर येऊन बसला. टोपी घातली, उतारा वाचला, अर्थ सांगितला. एकही शंका नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. मी मुद्दाम थांबायचो, तो पान धरून वाट पाहायचा.

तेरावं पुरं झालं तेव्हा आम्ही पुण्याला रास्ता पेठेतल्या आमच्या प्रार्थनामंदिरात गेलो. तिथे त्याने तोरा वाचली आणि बापाच्या नावाने कद्दिश म्हटलं. कुठे अडखळला नाही, आवाज कापला नाही. नागावकरकाका म्हणाले, "मास्तर, असा तयार मुलगा मुंबईतसुद्धा नाही. ओसाडीत राहून तुम्ही हे राखलंत." मी मान हलवली. मी तो अडखळण्याची वाट पाहत होतो.

लेआने इस्रायलला जायचं ठरवलं. तिचा भाऊ अश्दोदला आहे. मी म्हटलं, मी कालव्यापाशीच बरा.

जाण्याआधीच्या शेवटच्या शनिवारी आमच्यापुढे अब्राहामाचा उतारा होता, देवाच्या आज्ञेवरून मुलाचा बळी द्यायला त्याला घेऊन तो डोंगर चढतो तो. हा मी किती मुलांना शिकवला असेन. पण त्या दिवशी मी एका वचनाचा अर्थ जाणूनबुजून चुकीचा सांगितला. डोंगर चढताना मुलाने बापाला काहीच विचारलं नाही, असं मी म्हणालो. मुलगा विचारतो. होमाचं कोकरू कुठे आहे म्हणून विचारतो, आणि ती ओळ एल्कानाच्या बोटाखालीच होती.

त्याचं बोट त्या ओळीवर थांबलं. त्याने वर पाहिलं. त्याला कळलं होतं. मी वाट पाहत राहिलो.

"बरं," तो म्हणाला, आणि पुढची ओळ वाचू लागला.