शून्य गुणांचे तुकडे

"पद्मजा, हा तुझाच नंबर आहे ना गं?" मृणालिनीने जुना रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि नमुना क्रमांकाच्या चौकटीवर बोट टेकवलं.

पद्मजाने चष्मा सावरला. नंबर तीन वर्षांपूर्वीचा होता, त्यांच्याच लॅबचा. खाली छापलं होतं, 'डेटा तपासणी : प. परब'. विक्रोळीच्या या लॅबमध्ये एकोणीस वर्षांत तिने असे हजारो नंबर हातावेगळे केले होते. एकदा गेलेला नंबर परत आल्याचं तिला आठवत नव्हतं.

"आठ महिन्यांचं बाळ होतं, हातापायांत जोर नव्हता," मृणालिनी म्हणाली. "आपण लिहिलं, दोष आढळला नाही. वर्षभरात गेलं बिचारं. आता आईला परत तिसरा महिना आहे. तिचे डॉक्टर म्हणतायत, जुना डेटा एकदा बघा."

"बघते."

रिपोर्ट घेऊन माणसांसमोर बसायचं, त्यांना समजेल असं सांगायचं, हे मृणालिनीचं काम. पद्मजाकडे माणसं सोडून बाकीचं सगळं. तिच्या टेबलापर्यंत कधी कुणाचं नावसुद्धा पोचत नसे.

तिचं काम म्हणजे म्हटलं तर टपाल लावणं. रक्तातल्या डीएनएचे कोट्यवधी बारीक तुकडे मशीन वाचतं. प्रत्येक तुकडा मूळचा कुठला ते कॉम्प्युटर शोधतो आणि त्याची खात्री किती, त्याचे गुण देतो. पत्ता पक्का असेल तर साठ. वाचनच अंधुक आलं असेल तर कमी. आणि जो तुकडा दोन ठिकाणी सारखाच चपखल बसतो, त्याला शून्य. वीसच्या खालचं सगळं चाळून टाकायचं, असा नियम. नियम वाईट नाही. कचरा ठेवला तर नसलेले रोग दिसू लागतात. पद्मजाचे वडील कन्नमवार नगरात पोस्टमन होते. एकाच नावाची दोन बिऱ्हाडं असली तर ते जेवण लांबवून दोन्ही दारं ठोठावायचे. लेकीने मात्र अशी पत्रं एकोणीस वर्षं टोपलीत टाकली आणि त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही.

तिने जुना डेटा उघडला. गोम लगेच दिसली. ज्या जनुकावर डॉक्टरांचा संशय होता, त्याला हुबेहूब दिसणारं एक निकामी जुळं आहे. त्यामुळे त्याचे बहुतेक तुकडे दोन्हीकडे बसले होते, शून्य गुण मिळवून चाळणीतून खाली गेले होते आणि मागे मोकळी जागा उरली होती. त्या मोकळ्या जागेत दोष दिसला नाही, म्हणून तिने दोष नाही असं लिहून टाकलं होतं. न पाहिलेलं आणि नसलेलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला तेव्हाही ठाऊक होतं. त्या दिवशी हातात पंचवीस नमुने होते, एवढंच.

तिने जुळ्याची जागा झाकली आणि टाकलेले तुकडे परत बसवले. दोनशे बारा होते. जवळजवळ निम्म्यांत एकच अक्षर बदललेलं होतं, एकाखाली एक. ते अक्षर जुळ्याचंही असू शकलं असतं, म्हणून तिने साठवलेला नमुना दुसऱ्या पद्धतीने तपासायला दिला आणि आईवडिलांचं रक्त मागवलं. आठ दिवसांनी उत्तर आलं. दोष खऱ्या जनुकातच होता, आणि आईवडील दोघंही तो नकळत बाळगून होते; बाळाला तो दोघांकडून मिळाला होता.

त्या दिवशी डबा खाताना मृणालिनीने उरलेलं सांगितलं.

"सासू म्हणते, ग्रहणात विळीवर बसलीस. हिने दुधी चिरलेला म्हणे. त्यात आपला रिपोर्ट आला. मग काय, पक्कंच झालं यार. रक्तात काही नाही म्हणजे ग्रहणच. तीन वर्षं ती बाई विळीला हात लावत नाहीये."

पद्मजाने डबा मिटला. तिला लाज वाटली, अगदी अंगभर लाज वाटली.

लॅबचे प्रमुख नंदकिशोर सर शांतपणे म्हणाले, "नवा रिपोर्ट काढ. पोटातल्या बाळाची तपासणी होईल, वेळेत कळलं, चांगलं झालं. जुन्याचा विषय कशाला?"

"जुना चुकीचा होता, असं लिहायला हवं, सर."

"तेव्हाच्या नियमात बसत होता तो."

"बसत होता. चुकीचाही होता."

सरांनी पेन खाली ठेवलं. माणूस दुष्ट नव्हता. चाळीस जणांचे पगार त्याच्या डोक्यावर होते. "मग तुझ्या नावाने जाऊ दे. पण यापुढे रिपोर्टवर सही दुसरं कुणी करेल. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुझ्या, विचार कर."

"केलाय, सर."

त्या संध्याकाळी ती लवकर घरी आली. शेजारच्या जयंतीने जिन्यात विचारलं, "काय गं, आज लवकर?"

"काम संपलं," पद्मजा म्हणाली. वडील गेल्यापासून सहा वर्षं ती अर्धी वाटी तांदूळ शिजवत होती. आज सही गेली, हे कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. फोनमधली सगळी नावं तिने वरपासून खालपर्यंत पाहिली आणि फोन ठेवून दिला.

गुरुवारी ती बाई बोरिवलीहून एकटीच आली. अक्षता नाव, तिशीची, खांद्याची पर्स मांडीवर घट्ट धरलेली. मृणालिनीने सगळं समजावलं. मग पद्मजा बोलली. एकोणीस वर्षांत ती पहिल्यांदाच मृणालिनीच्या या खोलीत बसली होती.

"ते तुकडे माझ्यासमोर होते. मी टाकले. तुम्ही मला माफ करा, असं म्हणायचा मला हक्क नाही, पण म्हणते."

अक्षताने माफीचं काही ऐकलंच नसावं. "म्हणजे दुधीचं नव्हतं?"

"नव्हतं. ग्रहणाचंही नव्हतं."

"तीन वर्षं, मॅडम," अक्षता म्हणाली. "त्याचा फोटोपण मी कपाटात उलटा ठेवलाय."  मग तिने रिपोर्ट उलगडला. "हे सगळं इंग्लिशमध्ये आहे. मराठीत मिळेल? सासूबाईंना दाखवायचंय."

मराठीत रिपोर्ट देण्याची पद्धत नव्हती. पद्मजाने मृणालिनीच्या वहीतला कागद फाडला.

"बाळाचं नाव काय होतं?"

"सर्वेश."

पद्मजाने चार ओळी लिहिल्या आणि खाली नुसतं आद्याक्षर न टाकता पूर्ण नावाने सही केली. कागद तिने पुढे केला, पण अक्षताने तो घेतला नाही.

"तुम्हीच वाचा ना. कोणीतरी बोललेलं ऐकायचंय मला."

पद्मजाने वाचलं. शेवटची ओळ होती, 'सर्वेशच्या आईच्या हातून काहीही चुकलेलं नाही.'

"परत," अक्षता म्हणाली.

पद्मजाने परत वाचलं.