बरणीच्या तोंडावरची गुडगुडी

मित्रांनो, मी सहसा कुणाच्या घरात सापडत नाही, म्हणून आधी ओळख करून देते. मी एक जुनी गुडगुडी आहे. दुकानदार मला एअरलॉक म्हणत असे. करंगळीएवढी जाड, दोनदा वाकवलेली पारदर्शक नळी, आणि वाकणात घोटभर पाणी. मला बरणीच्या झाकणातल्या भोकात बसवतात. आत फळांचा रस आंबू लागला, की होणारा वायू माझ्या पाण्यातून बुडबुड करत बाहेर जातो. बाहेरची हवा आणि चिलटं मात्र आत येऊ शकत नाहीत. हेच माझं नित्याचं व्रत.

जळगावच्या दुकानात माझ्याशेजारी एक डबीसारखी सरळ बहीण होती.

"ताई, ही घ्या, उघडून धुता येते," दुकानदार म्हणाला.

"पण हिच्यात बुडबुडे कसे छान दिसतात!" असं म्हणून दिपमालानं मलाच उचललं. माझ्या वाकड्या पोटात ब्रश जात नाही, याचं तेव्हा मलाही काही वाटलं नाही.

दिपमालाचं सासर शिरपूरजवळ, तापीकाठच्या गावात. तिथं केळीचे घड गाडीत चढतात आणि डाग पडलेल्या फण्या बांधावर राहतात. त्या फण्यांचा सिरका, म्हणजे व्हिनेगर, करायचा, हा तिचा ध्यास. तिच्या सासूबाई, तानुबाई, माळकरी. दर एकादशीला बायांचं भजन त्यांच्याच ओसरीत व्हायचं. त्यांनी सुनेला मागची खोली दिली, पण एका अटीवर.

"कर तू. पन गावनं कोनी आपला घरकडे बोट दखाडाले नको."

पहिलं वर्ष फार सुखाचं गेलं, मित्रांनो. लहान बरणी, पातळ रस, थंडीचे दिवस. मी संथपणे बुडबुडत असे, जणू कुणी शेजारी बसून जप करतं आहे. सिरका झाला तेव्हा तानुबाईंनी त्यात कांदे मुरवले आणि भजनाला आलेल्या बायांना कौतुकानं वाढले. "मनी सूनना हातना शे," असं प्रत्येकीला सांगितलं.

मग मागच्या वर्षीची आखाजी आली. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. या सणाला घरोघर पितरांची घागर काठोकाठ भरतात, आणि सासुरवाशिणी माहेरी जातात. दिपमाला पाचोऱ्याला निघाली. दोन दिवस आधी तिनं वीस लिटरची बरणी लावली होती. दाट गर होता, ऊन मी म्हणत होतं. अशा वेळी पहिले दिवस भारी फेस येतो, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं बरणीचा वरचा तिसरा हिस्सा रिकामा ठेवला. मला बाजूला ठेवून झाकणात फवारणी पंपाची जाड नळी बसवली आणि तिचं टोक पाण्याच्या बादलीत सोडलं. फेस ओसरला की मला बसवायचं, असं ठरलं होतं. पण हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

सणाच्या सकाळी घागर पुजून तानुबाई मागच्या खोलीत आल्या.

"अरे देवा, सणाना दिन नी पोरनी बरनी उणी? आनि हाई पंपनी नळी तोंडमा!"

त्यांनी केळी कुस्करली, गुळाचं पाणी केलं आणि बरणी गळ्यापर्यंत भरली. मला स्वच्छ धुऊन झाकणात बसवलं, बरणीला हळद-कुंकू लावलं आणि हात जोडले. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण मला बुडबुड्याखेरीज भाषा नाही.

दुपारपर्यंत फेस माझ्यात चढला. गर वाकणात अडकला. माझा श्वास कोंडला, आणि झाकण धाडकन उडालं. भिंतीवर, छतावर, उंबऱ्याबाहेर फेसच फेस. सिरका होण्याआधी रसाला दारूचा वास येतोच. तो वास थेट ओसरीत गेला. तिथं सणानिमित्त भजनाच्या बाया जमल्या होत्या. शेजारचा झुलाल कुंपणावरून हसला.

"काय वं अक्का, माळ गळामा आनि भट्टी घरमा?"

बाया एकेक करून उठल्या. पुढच्या एकादशीचं भजन दुसऱ्या घरी गेलं, ते आजतागायत तिकडंच आहे.

दिपमाला परतली तेव्हा सासूबाई भिंत पुसत होत्या.

"उणी दिसनी म्हनीसन मीच भरी दिधी. मनं चुकनं का व?"

दिपमालानं मला उचललं. वाकणातला गर पाहिला. तिला सगळं कळलं.

"नही, आत्याबाई. ऊनच भलतं शे."

आणि भजनाच्या बायांना तिनं सांगितलं, "मीच भरेल व्हती बरनी." म्हणजे बोट आलं ते सुनेवर. पण घर तेच होतं, म्हणून अटही मोडलीच. तानुबाई नुसतं म्हणाल्या, "आते हाई सिरका नको करू, माय." तिनं मान डोलावली. बरणीत आता जनावरांचं मीठ भरलं आहे. बांधावर फण्या सडतात. मी खिळ्यांच्या डब्यात आहे. पोटातला गर दगडासारखा वाळला आहे आणि मला धुवायला कुणी येईल, अशी आशा मला उरलेली नाही.

मित्रांनो, माझं काही राहिलं नाही. पण तुम्ही कधी रस आंबवायला ठेवलात, तर फेसाला जागा ठेवा, आणि जिचं पोट धुता येतं अशीच गुडगुडी घ्या. आणि दुसऱ्यानं रिकामी ठेवलेली जागा दिसली, तर मायेनंसुद्धा ती भरू नका. आधी एकदा त्याला विचारा.