अकरा नंबरची वही

अकरा नंबरच्या वहीत शुद्ध थापा आहेत, असं संशोधिकेनं भर मीटिंगमध्ये सांगितलं, आणि तेही तावातावानं.

साठीपुढच्या चाळीस माणसांनी रोज काय खाल्लं ते वहीत लिहायचं आणि दर आठवड्याला शौचाचा नमुना द्यायचा, असा तिचा अभ्यास. आतड्याच्या पेशी आरएनएचे बारीक तुकडे सोडतात, तिथले जीवाणू ते आत घेतात आणि त्यांचं वागणं बदलतं. जीवाणूही गप्प बसत नाहीत, पेशींना आपलं म्हणणं कळवतात. ही देवाणघेवाण आणि तब्येत यांचा संबंध तिला शोधायचा होता. तिच्याकडे सगळं टाइप होऊन, फक्त नंबरानं यायचं. अकरा नंबरच्या वहीत रोज कडधान्यं, कच्ची गाजरं, सफरचंद. आणि नमुन्यात चोथ्यावर जगणारे जीवाणू जवळजवळ नाहीसे, आरएनएचे आकडेही भलतेच. जीवाणू कशाला खोटं बोलतील?

“खोटारडं माणूस आहे. काढून टाका,” ती म्हणाली.

नावांची यादी प्रमुख बाईंच्या कपाटात कुलपात असायची. त्या माणसाला कळवायला हवं म्हणून त्यांनी ती काढली, नाव वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि कागद तिच्यापुढे सरकवला. माणसं कमी पडत होती तेव्हा तिनंच आईला गळ घातली होती.

तिचे कान तापले. कुणाकडे बघायची सोय उरली नाही. एका छपराखाली राहून आईच्या ताटात काय असतं ते तिला ठाऊक नव्हतं. आतड्यातलं मात्र दशांशापर्यंत पाठ होतं. सकाळी घाईनं निघायचं, परतल्यावर उभ्या उभ्या चार घास पोटात ढकलायचे, आणि आई जेवली का एवढंही विचारायचं नाही. धन्य ती विदुषी! तिला स्वतःची मनापासून लाज वाटली.

भर दुपारी ती घरी गेली. आई स्वयंपाकघरात दुधात पाव कुस्करत होती. लेकीला बघून तिनं तोंडावर हात धरला, पण जरा उशिराच. खालची कवळी नव्हती. ती मोडून तीन महिने झाले होते. दवाखान्यात न्यायला लेकीला रजा काढावी लागेल, म्हणून आईनं ब्रही काढला नव्हता. वहीत मग, तू खायला सांगितलं होतंस तेच लिहीत गेले, असं ती खाली मान घालून सांगत होती.

“माझ्यामुळे तुझं काम बिघडलं का गं?”

नाही म्हणून वेळ मारून नेता आली असती.

“आई, मी सगळ्यांसमोर तुला खोटारडी म्हटलं.”

“लिहिलंच होतं की मी खोटं.” आईनं चमचा खाली ठेवला. मग तिनं विचारलं, “मी तुझी आई आहे, हे कळलं का त्यांना?”

“कळलं.”

आईचा चेहरा उतरला. “मग सांग त्यांना, म्हातारीला हल्ली काही आठवत नाही म्हणून. तुला नको कुणी नावं ठेवायला.”