एकोणीस सेकंदांचा समुद्र

सुकदेवला कोणी विचारलं, की बाबा, सूरतेहून कन्याकुमारीला किनाऱ्याकिनाऱ्यानं जायला किती दिवस लागतील, तर तो दिवस सांगायचाच नाही. पाळ्या सांगायचा. एकशे वीस पाळ्या. बत्तीस वर्षं ज्यानं पॉवरलूमवर बारा-बारा तास उभं राहून काढली, त्याच्या लेखी दिवस नावाची वस्तूच नव्हती. सकाळी सात ते संध्याकाळी सात शोधायचं, संध्याकाळी सात ते सकाळी सात गाडीतच पडून राहायचं, असे साठ दिवस. त्यातून एक पाळी कमी करा म्हटलं तरी त्याला राग यायचा.

गाडी तयार होत होती कडोदऱ्याला, सूरतेबाहेर हायवेला लागून असलेल्या राघो मिस्त्रीच्या गॅरेजात. कुठल्याशा शाळेनं काढून टाकलेली जुनी पिवळी व्हॅन होती ती. राघोनं तिची बाकडी उपटली, एका बाजूला प्लायवूडची खाट ठोकली, दुसऱ्या बाजूला गॅसची शेगडी बसवली, टपावर पाण्याची टाकी बांधली आणि मागच्या दाराला एक लोखंडी पायरी जोडली. राघो तिला कॅरॅव्हॅन म्हणायचा. सूरतेत तो राहायचा ती नवागामातली गल्ली तिला घरगाडी म्हणायची आणि हसायची. दोन खोल्यांत जन्म काढलेला माणूस तिसरी खोली चाकांवर बांधतो म्हटल्यावर लोकांनी काय रडायचं? म्हातारपणी हौस सुटलीय, म्हणायचे. सुकदेवही त्यांच्याबरोबर हसायचा. समजावून सांगण्यापेक्षा हसणं सोपं होतं.

कारण ही हौस नव्हती. सुकदेवचा एकुलता एक मुलगा भूपेंद्र दीड वर्षापूर्वी घरातून निघून गेला होता. डिप्लोमाला दुसऱ्या वर्षी नापास झाला, आणि निकालानंतर चौथ्या दिवशी सकाळी एक पिशवी घेऊन गेला तो गेलाच. त्या सकाळी बापलेकात काहीतरी बोलणं झालं होतं. काय झालं ते सुकदेवनं पोटात ठेवलं. शोभाबाईनं, त्याच्या बायकोनं, खोदून खोदून विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, की परीक्षेवरून जरा बोललो. पोलिसांनी अर्ज घेतला आणि वर ज्ञानही दिलं, की मुलगा एकवीस वर्षांचा आहे, आपल्या पायांनी गेलाय, तो हरवला असं कसं म्हणता?

मग गेल्या श्रावणात, कानबाई देवीच्या सणाच्या दिवशी, फोन आला.

कानबाईचा रोट खानदेशी घरात माणसं मोजून होतो. घरातल्या प्रत्येकाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचे, दळायचे, आणि तो रोट घरच्यांनीच खायचा. शोभाबाईनं भूपेंद्रच्या नावाची सव्वा मूठही काढली होती. तू आहेस, एवढंच तिला त्याला सांगायचं होतं. सकाळचे सात वाजून पाच मिनिटं झाली होती आणि सुकदेवचा फोन वाजला. नंबर अनोळखी. पण आवाज पोराचा.

"आबा, मी बरा शे. मायले सांगा. मनी वाट देखू नका."

एवढं बोलून तो थांबला. फोन ठेवला मात्र नाही. सुकदेव "भूपेन, भूपेन" करत राहिला, आणि पलीकडून नुसता एक घोंघावता, धो धो आवाज येत राहिला. मग फोन बंद झाला. लगेच उलटा लावला तर एक ट्रकवाला बोलला. कोणीतरी पोरानं मिनिटभर मागितला म्हणून फोन दिला होता, म्हणाला. कुठे, ते काही त्यानं धड सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला तेव्हा तो रत्नागिरीच्या पुढे होता. आपण किनाऱ्याच्या रस्त्यानं वर-खाली करतो, रोज दहा जणांना फोन देतो, कोणाकोणाला लक्षात ठेवू, म्हणाला, आणि नंतर त्यानं उचलणंच सोडलं.

सुकदेवच्या फोनमध्ये बोलणं आपोआप साठत होतं. एकोणीस सेकंद. ते एकोणीस सेकंद त्यानं कितीदा ऐकले असतील याला गणती नाही. फोन उजव्या कानाला घट्ट लावायचा आणि डोळे मिटायचा. डावा कान लूमच्या खटखटीत केव्हाच गेला होता. उजव्याबद्दल डॉक्टर म्हणाले होते, काका, तुमचे बारीक आवाज गेले, जाड तेवढे राहिले. त्या उरलेल्या कानाला पोराच्या बोलण्यामागे समुद्र ऐकू यायचा. सुकदेवनं समुद्र पाहिला होता तो सूरतेजवळच्या डुमसचा, तोही वर्षातून एकदा, भजी खाताना. पण बुडत्याला काडीचा आधार. लाटांचा आवाज आणि रत्नागिरीचा ट्रकवाला, दोन्ही जुळलं. पोरगा किनाऱ्यावर कुठेतरी, एखाद्या बंदरात मासळीच्या टोपल्या उचलतोय, हे त्यानं पक्कं धरलं.

शोभाबाईनं मात्र ते कधी ऐकलं नाही. त्यानं दोनदा फोन पुढे केला, दोन्ही वेळा तिनं तोंड फिरवलं.

"माले आवाज नको," ती म्हणाली. "मना आंडोर पाहिजे, मना पोऱ्या."

तेव्हापासून बेत सुरू झाला. धान्याच्या कोठीवर नकाशा चिकटवला गेला. दमण, डहाणू, सातपाटी, हर्णै, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला, मग गोवा, कारवार आणि खाली खाली. प्रत्येक बंदराला तीन पाळ्या, मोठ्याला सहा. बंदरावर माणसं भल्या पहाटे, होड्या लागताना भेटतात. लॉजवरून उठून जाईपर्यंत मासळी आणि माणसं दोन्ही पांगतात, म्हणून मुक्काम धक्क्यावरच हवा आणि त्यासाठी गाडीतच घर हवं, हे सुकदेवनं सहा जणांना विचारून ठरवलं होतं. गाडी तोच चालवणार होता. कामावरून सुटल्यावर दोन वर्षं त्यानं साड्यांचा टेम्पो चालवला होता. कानाचं काय, तर शोभाबाई शेजारी बसेल. मागून हॉर्न वाजला तर खांद्यावर एक थाप, ॲम्ब्युलन्स असली तर दोन, आणि थांबायचं असलं तर दंड घट्ट धरायचा. दोघांनी घरात स्टुलांवर बसून त्याची तालीमही केली. शोभाबाई थाप मारायची आणि सुकदेव हातातलं ताट डावीकडे वळवायचा. हसावं असं ते दृश्य होतं, पण दोघांपैकी कोणी हसलं नाही.

निघायचं ठरलं दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी. आदल्या दिवशी दुपारी दोघं गाडी ताब्यात घ्यायला कडोदऱ्याला गेली. मागच्या काचेवर भूपेंद्रचा मोठा फोटो लावला, खाली फोन नंबर लिहिला. शोभाबाई आत जाऊन डबे लावू लागली. पीठ, डाळ, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं पीठ वेगळं, कारण भूपेंद्रला तीच भाकरी आवडायची. तेवढ्यात राघोला आठवलं, की पुढे नवा स्पीकर बसवलाय तो दाखवायचा राहिला. काका, लांबचा प्रवास आहे, भजनं ऐका, म्हणत त्यानं सुकदेवचा फोन घेतला, जोडला आणि बटण दाबलं.

फोनमध्ये शेवटचं जे ऐकलेलं होतं तेच वाजलं. भजन नव्हतं ते.

आबा, मी बरा शे. मायले सांगा.

गाडीभर आवाज घुमला. शोभाबाईच्या हातातला डबा तिथेच राहिला. दीड वर्षानंतर तिनं पोराचा आवाज ऐकला, तोही न मागता, आणि ती खाटेवर बसली. राघो घाबरून बंद करायला लागला, पण तिनं हातानं त्याला थांबवलं. मनी वाट देखू नका. त्यामागे धो धो सुरू झालं. एकोणीस सेकंद पुरे झाले. स्पीकर गप्प झाला.

पण आवाज थांबला नाही.

शोभाबाई पायरीवरून खाली उतरली. गॅरेजच्या मागच्या अंगाला उंच भिंत होती, तिच्यापलीकडे कापडाच्या कारखान्याचं एक शेड. तिकडून तोच आवाज येत होता. तसंच पाणी, तसंच घोंघावणं, आणि त्या पाण्याखाली जलद, बारीक खटखट. ती भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. सुकदेवला काही कळेना. गाडीसाठी ये-जा करताना त्याच्या कानात त्या भिंतीचा आवाज आठवडाभर होता, पण गॅरेज म्हटलं की गोंगाट असायचाच, त्याकडे त्यानं लक्ष दिलं नव्हतं.

"पल्याड काय शे?" तिनं राघोला विचारलं.

वॉटरजेट, राघो म्हणाला. पाण्याच्या फवाऱ्यानं धागा फेकणाऱ्या नव्या लूम. चोवीस तास चालतात, कडोदऱ्यात असली शेडं शेकड्यानं आहेत. बोलता बोलता तो आवाज त्याच्याही ध्यानात आला.

शोभाबाईनं नवऱ्याचा हात धरला, ओढत आणला आणि त्याचा तळवा भिंतीवर ठेवला.

सुकदेवचा जन्म जुन्या, शटलच्या लूमवर गेला होता, पाण्याच्या लूमवर तो कधी उभा राहिला नव्हता. पण कान गेलेला कारागीर लूम हातानं ओळखतो. कुठली नीट चालतेय, कुठलीचा धागा आत्ता तुटणार, ते त्याला फ्रेमवर हात ठेवून कळतं. भिंत थरथरत होती. रांगेनं लावलेल्या लूम, एका ठेक्यात. समुद्र कधी ठेक्यात चालत नाही. सात वाजून पाच मिनिटं, त्याला आठवलं. सातला पाळी सुटते. बत्तीस वर्षं सातला पाळी बदललेल्या माणसाला एवढंही सुचू नये? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, सुकदेवनं तर कन्याकुमारीपर्यंतचा वळसा आखून कोठीवर चिकटवला होता.

हात भिंतीवरच ठेवून तो बोलला. तिच्याकडे पाहायची त्याला हिंमत झाली नाही.

"तो म्हने, आबा, माले नही जमत शिकानं, मी तुमनासारखा लूमवर जास. मी त्याले थोबाडमा मारी." मग पुढचंही बोलला. "मीच सांगं त्याले, लूमवर उभा ऱ्हाशी ते मना घरमा पाय ठेवू नको."

पोरानं बापाचा शब्द पाळला होता. तो लूमवर उभा राहिला आणि घरात पाय ठेवला नाही. आणि बाप सगळ्या किनाऱ्यावर त्याला शोधायला निघाला होता, फक्त त्या एका जागी नाही, जिथे जायला त्यानंच मनाई केली होती. दुसऱ्या कोणी असा मूर्खपणा केला असता तर सुकदेवनंच त्याला जोड्यानं मारलं असतं.

शोभाबाई ओरडली नाही. तिनं त्याचा हात सोडला. दीड वर्ष तिनं किती नवस बोलले, किती रात्री दाराची कडी न लावता काढल्या, त्यातलं एकही ती बोलली नाही. तिनं एकच विचारलं.

"पाळी कव्हय सुटस?"

"सातले," सुकदेव म्हणाला.

त्या भिंतीपलीकडच्या शेडात भूपेंद्र नव्हता. त्याच्या शेजारच्यातही नव्हता. कन्याकुमारीचा नकाशा कोठीवरच राहिला आणि घरगाडी कडोदऱ्याच्या गल्ल्यांत फिरू लागली. सकाळी सातला एका फाटकासमोर, संध्याकाळी सातला दुसऱ्या. नवागामपासून पंधरा किलोमीटरसुद्धा नाही, आणि दोघं परमुलखात असल्यासारखी गाडीत राहत होती. फाटकावरचे पहारेकरी हाकलायचे. कोणी म्हणायचं, असा एक होता, गेला सोडून. कोणी फोटो पाहायच्या आधीच मान हलवायचं. पोरं ओळखली जाऊ नयेत अशीच सुटायची, तोंडाला फडकं, गुडघ्यापर्यंत ओली. दहाव्या दिवशी सुकदेवला वाटू लागलं, की पोरगा खरंच कुठे लांब गेला असावा. त्या दिवशी तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला. शोभाबाईनं पाहिलं आणि बाहेर पाहत राहिली. भिंतीपाशी उभं राहून झाल्यापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. मागून हॉर्न वाजला की खांद्यावर थाप मात्र मारायची.

सोळाव्या दिवशी, संध्याकाळी सातला, तिनं त्याचा दंड घट्ट धरला.

गाडी आधीच उभी होती, थांबायला काही नव्हतं. सुकदेवनं आरशात पाहिलं. फाटकातून बाहेर पडणाऱ्या घोळक्यात एक जण मध्येच उभा राहिला होता. कानात कापूस, पँट गुडघ्यापर्यंत ओली, दाढी वाढलेली. तो गाडीच्या मागच्या काचेवरच्या स्वतःच्या फोटोकडे पाहत होता.

शोभाबाई कशी उतरली, तिनं रस्ता कसा ओलांडला, ते सुकदेवला नंतर आठवेना. तिनं पोराला मनगटाला धरून गाडीच्या मागच्या दाराशी आणलं. बडबडत होती, मारत होती, कुरवाळत होती. कळण्याची भाकरी आत आहे, चल, म्हणत होती. तो दारापर्यंत आला आणि पायरीपाशी थांबला. आत शेगडी होती, खाट होती, देवीचा फोटो होता. घर होतं ते. पाय काही त्यानं उचलला नाही. तो बापाकडे पाहून काहीतरी बोलला.

सुकदेवला ऐकू आलं नाही. पण लूमवरची माणसं एकमेकांचं बोलणं ओठांवरूनच वाचतात, तेवढं त्याला येत होतं.

"आबा, मी आजून लूमवरच शे."

सुकदेव भर रस्त्यात खाली वाकला, दोन्ही हातांनी पोराचा ओला पाय धरला, उचलला आणि पायरीवर ठेवला.